हाउस सीझन ६ : कडीला दया आली म्हणून?

'हाउस' या अमेरिकन वैद्यकीय मालिकेच्या सहाव्या सीझनच्या शेवटी रुग्णालयाची प्रमुख कडी डॉक्टर हाउसकडे येते ती केवळ दयेपोटी, असं म्हटलं जातं, पण हे काही पटत नाही. दया आलेली बाई आधी कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात त्याला इतकं तोडून बोलेल का? 'तुझ्याकडे काहीच नाही' हे त्याला सुनावणारी तीच.

माझ्या मते २०१०च्या या शेवटच्या भागाची चावी हॅनाच्या, म्हणजे त्या ढिगाऱ्याखाली पाय अडकलेल्या बाईच्या, पायात आहे. हाउस आधी पाय वाचवायचा हट्ट धरतो, कारण तो स्वतःच्याच जुन्या निर्णयाची वकिली करत असतो. पहिल्या सीझनमध्ये कळतं, की पूर्वी त्याने स्वतःचा पाय कापू दिला नव्हता, आणि फक्त मेलेला स्नायू काढायचा मधला मार्ग सुचवणारी डॉक्टर कडीच होती! मग हॅनाला पाय कापायला तयार करताना तो सांगतो, की पाय राहिला पण या वेदनेने मला वाईट आणि एकटा माणूस केलं. जिवलग मित्र विल्सनला इतक्या वर्षांत जे सरळ सांगितलं नाही, ते एका अनोळखी बाईला. आणि सगळं बरोबर करूनही हॅना फॅट एम्बोलिझमने (चरबीच्या कणांनी रक्तवाहिनी अडून) जाते. चूक झाली असती तर निदान स्वतःला दोष देता आला असता. इथे तेवढाही आधार नाही.

शेवटी हाउसच्या हातात व्हायकोडिन (ज्याचं त्याला व्यसन होतं ती वेदनाशामक गोळी) असताना कडी गोळ्या हिसकावत नाही, निर्णय त्याच्यावर सोडते. कडीचा होणारा नवरा लुकास याचं मात्र वाईट वाटलं, बिचाऱ्याला निरोपाचा एक धड प्रसंगही नाही.

'हा भास तर नाही ना?' हा प्रश्न हाउसने विचारणं, पाचव्या सीझनच्या शेवटी कडीसोबतची रात्र निव्वळ भास निघाल्यावर, अगदी रास्तच. मलाही तीच शंका आली होती.