उपवासकाळात स्क्रीन सोडायचीय, पण नेमकं काय काय बंद करायचं?

वसईची_पोर:
राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला म्हणजे आठवडासुद्धा राहिला नाही. आमच्या पॅरिशच्या युवा ग्रुपमध्ये ठरलंय की यंदा मटण-चिकन तर सगळेच सोडतात, आपण ओटीटी, रील्स, गेम्स सोडूया. मला मनापासून करायचंय कारण रात्री रोझरी (जपमाळेची प्रार्थना) संपली की हातात फोन आणि मग बारा कधी वाजतात कळतच नाही. पण घोळ असा की ऑफिसचं सगळं व्हॉट्सअॅपवर, चर्चच्या सूचना पण तिथेच, क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेची वेळ बदलली तरी तिथेच कळतं. मग बंद काय करायचं? आणि रविवारी चालतं का? एक मैत्रीण म्हणते रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून शनिवारी रात्री बाराच्या ठोक्याला सिरीज लावायची, मला ते काहीतरीच वाटतं. शिवाय सासूबाईंच्या सिरियल साडेसातला सुरू होतात त्या दहापर्यंत, टीव्ही हॉलमध्येच, त्यांना बंद करा म्हणावं का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, 'मनाचा उपवास महत्त्वाचा' वगैरे नको प्लीज.

बावखल:
मैत्रिणीचा हिशोब बरोबर आहे, वृत्ती गडबड आहे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार काढले की ४०, कारण रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. पण सहा दिवस दात ओठ खाऊन काढायचे आणि सातव्या दिवशी अख्खा सीझन संपवायचा याला काय अर्थ. आमच्याकडे रविवारी घरचे सगळे मिळून एक पिक्चर, बाकी एकट्याने मोबाईलवर काही नाही असं ठरवलं होतं, ते जमलं.
दुसरं म्हणजे चर्चचा नियम फक्त खाण्याचा आहे, राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे) उपवास, तो पण १८ ते ५९ वयाच्यांना. स्क्रीनचं तू स्वतःहून ठरवलेलं आहेस, एखाद्या दिवशी मोडलं तर ते पाप नाही, दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचं. व्हॉट्सअॅप ठेव, फक्त स्टेटस बघायचे नाहीत आणि फॉरवर्ड उघडायचे नाहीत.

नगरी_प्रोटेस्टंट:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्या मंडळीत पण लेंट, म्हणजे हाच उपवासकाळ, पाळतात पण असल्या याद्या बघितल्या की मला बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आठवतो, हे शिवू नको ते चाखू नको असले नियम दिसायला शहाणपणाचे पण देहाची हाव काही त्यांनी आवरत नाही असं पौल सरळ सांगतो. इंग्लंडात १६४२ साली प्युरिटनांच्या, म्हणजे कडक प्रोटेस्टंटांच्या, पार्लमेंटने नाटकगृहंच बंद करून टाकली, १६६० ला राजा परत आला आणि नाटकं परत सुरू झाली ती आधीपेक्षा चावट!! बंदी घातल्याने माणूस भक्तिमान होत नाही. मत्तय १२:४३-४५ वाचा, अशुद्ध आत्मा निघून जातो, घर झाडून पुसून रिकामं राहतं, आणि तो आपल्यापेक्षा वाईट सात जण घेऊन परत येतो. तेव्हा काय बंद करू हे नंतर विचारा, आधी साडेदहा ते बारा त्या वेळात करणार काय ते सांगा.

लेगस्पिन:
आयपीएल पण बऱ्याचदा नेमकी उपवासकाळातच सुरू होते 😭 मी फक्त स्कोअर बघणार, हायलाइट नाही, हे चालेल ना?

बावखल:
@लेगस्पिन दर दोन मिनिटांनी स्कोअर बघण्यापेक्षा मॅच बघ बाबा एकदाची.

दोन_मुलांची_आई:
सासूबाईंना अजिबात काही बोलू नकोस. राखेच्या बुधवारी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) जे शुभवर्तमान वाचतात तेच बघ ना, मत्तयचा सहावा अध्याय, उपवास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस. मग 'मी इन्स्टा सोडतेय, ईस्टरला भेटू' असा स्टेटस कशाला लागतो हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. आणि खरं सांगू का सासूबाई सिरियल बघतात ती चार जणांत बसून, मध्येच तुला भाजीचं विचारतात, शेजारीण येऊन टेकते. कानात हेडफोन घालून दार लोटून जे आपण बघतो ते वेगळं. मी तर उलट फोन आत ठेवून सासूबाईंजवळ बसायला लागले, सिरियलचं कथानक अजून कळलेलं नाही पण त्यांच्याशी बोलणं वाढलं. पहिले काही दिवस मुलं फार चिडचिड करतील, कंटाळा आला कंटाळा आला करतील, करू दे.

कॉयरवाला:
यातलं काही नवीन फॅड नाही हे पोरांना सांगायला पाहिजे. चर्च स्वतःच या काळात कान आणि डोळे आवरतं. ग्लोरिया हे स्तुतिगीत नाही, आलेलुयाचा घोष नाही, ऑर्गन वाजवायचा तो फक्त गायनाला आधार म्हणून, वेदीवर फुलं नाहीत, शेवटच्या दोन आठवड्यांत पुष्कळ ठिकाणी मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. पवित्र गुरुवारी ग्लोरिया झाला की घंटा गप्प, त्या थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीला वाजतात. तोवर इतकं शांत गेलेलं असतं की तो पहिला सूर अंगावर येतो, माझ्यासारखा वर्षानुवर्षं वाजवणारासुद्धा हलतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली राखेच्या बुधवारीच सांगितलं होतं की टीव्ही बंद करा, बायबल उघडा, मोबाईलपासून तुटा आणि शुभवर्तमानाशी जोडले जा.
नगरी भाऊंचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले, तिथे साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं तर बंद झाली होती पण ऐकायची सवय कुठे जाणार, तेव्हा आम्हाला आमचं पुराण द्या अशी मागणी आली असं त्यांनी लिहिलेल्या ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच येतं. मग त्यांनी मराठीत दहा हजारांहून जास्त ओव्या रचल्या, १६१६ साली छापलं. लोकांची करमणूक काढून घेतली तर त्या जागी काहीतरी तितकंच रसाळ लागतं हे त्या परदेशी पाद्र्याला ओळखता आलं. पोरी तू रात्री फोनऐवजी रोज थोड्या ओव्या मोठ्याने वाच, एकटीने नको, सासूबाईंना ऐकव, जाहिरातीच्या वेळात वाचलंस तरी चालेल 😄

वसईची_पोर:
थँक्यू सगळ्यांना. रील्स आणि सिरीज बंद, व्हॉट्सअॅप कामापुरतं, रविवारी घरच्यांबरोबर काय ते. ग्रुपमध्ये रोजचा काउंटडाउन स्टेटसला टाकायचा प्लॅन होता, तो रद्द करा म्हणून आत्ताच मेसेज टाकला, दोघीजणी रुसल्यात. कॉयरवाले अंकल, ख्रिस्तपुराण देवनागरीत मिळतं का? मूळ रोमन लिपीत होतं ना?

कॉयरवाला:
हो, मूळ रोमनमध्ये. शांताराम बंडेलूंनी देवनागरी आवृत्ती काढली १९५६ ला, पुण्याची आहे. एखाद्या जुन्या लायब्ररीत विचार. दोन भाग आहेत, तू दुसरं पुराण आधी घे, ख्रिस्ताचं चरित्र त्यात आहे. भाषा चारशे वर्षं जुनी, सुरुवातीला अडखळशील, पण मोठ्याने वाचलं की लागते.