शिक्षकांनो, मोबाईलने काम हलकं केलं की वाढवलं? (अनुभव धागा)

टाचणवही:
आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट ४३. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाईल हाच फळा झाला. शाळा उघडल्या, पण तो काही पर्समध्ये परत गेला नाही. परिपाठ सुरू असतानाच ग्रुपवर 'तातडीने लिंक भरा' येऊन पडतं. ते रडगाणं इथे नको, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाबरोबर होतंच. नेमका कुठला वेळ वाचला आणि शिकवण्यात काय बदललं, ते लिहा. फसलं असेल तर तेही.

माझ्यापासून सुरुवात. पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. ३८ हजर, म्हणजे तीन किलो आठशे. हे रोज कागदावर, आणि महिनाअखेर साठा नोंदवहीशी जुळवताना रात्रीचे अकरा. आता मोबाईलवर शीट केलीय. हजेरी टाकली की शिल्लक समोर. एकदा शिल्लक उणे आली. पोटात गोळा! पोती मोजून झाली, मग दिसलं की ३८ च्या जागी ३८८ टाकलं होतं.

खडूची भुकटी:
मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी मी बोलून टाईप करतो. पूर्वी प्रत्येक मुलाला तेच 'अभ्यासात नियमित, स्वभाव शांत', कारण हात दुखायचा. आता मधल्या सुट्टीत मूल समोर खेळताना पाहूनच दोन वाक्यं बोलतो, म्हणून नोंद त्या मुलाची होते. फक्त पाठवण्याआधी वाचा. माझ्या एका नोंदीत 'गुणाकार अजून जमत नाही' ऐवजी 'गुन्हेगार अजून जमत नाही' गेलं होतं.

मेळघाटातून:
धारणी तालुका. पहिलीत येणारं लेकरू घरी कोरकू बोलतं आणि मी पडलो मराठी. 'पाणी' म्हटलं की नुसतं बघत बसायचं. मग चौथीतल्या पोरींना फोन दिला, म्हटलं, तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करतो. पाणी म्हणजे 'डा' इथून सुरुवात झाली. रोज पाच-सहा शब्द. घरी जाताना गाडीवर बसण्याआधी कानाला लावून ऐकतो. उच्चार चुकला की पोरी खो खो हसतात, आणि त्या दिवशी वर्गात बोलायची त्यांची भीड कमी झालेली असते. यासाठी नेट लागत नाही, हे महत्त्वाचं. आमच्याकडे रेंज हवी तर पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं.

निवृत्तीला दोन वर्षं:
खरं सांगू का? ऑनलाइन प्रशिक्षणाचा एक अख्खा तास मी भाकऱ्या थापत 'पूर्ण' केला. प्रमाणपत्र आलं, लॅमिनेट केलं. काय शिकले विचाराल तर पीठ सैल नको.

टाचणवही:
ताई, हे आपल्यातलं निम्म्यांनी केलंय. कबूल तुम्ही केलंत!

सहावी ब:
माझा अनुभव थोडा लाजिरवाणा आहे. अपूर्णांकांचा तास स्वतःच रेकॉर्ड केला. खिडकीत डबा, डब्याला टेकवून फोन. रात्री पाहिलं. प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत उत्तर मीच देतो. चाळीस मिनिटांत हे अकरा वेळा. नावं घेतली ती पुढच्या दोन बाकांवरच्यांची. पंखा बंद पडलेल्या कोपऱ्यातली चार पोरं पूर्ण तासात माझ्याकडे एकदाही बघत नाहीत, आणि मीही त्यांच्याकडे. सतरा वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तपासणीला आलेले साहेब टाचण (पाठाची लेखी तयारी) बघतात, सही करतात, जातात.

आता प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजतो. पहिले काही दिवस ती शांतता खायला उठायची. मग कोपऱ्यातल्या एकाने 'सर, पाव म्हणजे पाऊणपेक्षा लहान ना?' असं विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी गप्प बसलो. शेजारच्याने वहीत चौकोन काढून त्याला दाखवलं. महिन्यातून एकच तास रेकॉर्ड करतो. पाहून झाला की पुसतो, मुलांचे चेहरे कुठे पाठवायचे नाहीत.

केंद्रातला एक:
क्यूआर कोडचं कुणी लिहिलं नाही? पाठ्यपुस्तकातला कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर त्या पाठाचं साहित्य उघडतं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यांचं कामही या कोडवरच उभं होतं. मी ते मुलांना दाखवायला कमी आणि स्वतःची तयारी करायला जास्त वापरतो. विज्ञानाचा प्रयोग आदल्या रात्री घरी बघून ठेवला की सकाळी हात थरथरत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं:
सहावी ब, डबा खिडकीत कुठल्या बाजूला ठेवता? माझ्या व्हिडिओत मीच दिसते, पोरं दिसत नाहीत.

सहावी ब:
फळ्याच्या बाजूच्या खिडकीत, तोंड मुलांकडे. तुम्ही नाही दिसलात तरी चालेल, आवाज येतोच.

खडूची भुकटी:
टाचणवही मॅडम, ती तांदळाची शीट पाठवा की.

टाचणवही:
पाठवते. आधी ते ३८८ आहे का बघते.