भाकरी बंद केली तर शरीर चालतं का?

जोंधळा: सहा आठवडे भात-भाकरी-साखर बंद. अंडी, पनीर, मेथी, मूठभर शेंगदाणे. पहिला आठवडा डोकं जड, पोटऱ्यांत गोळे. आता बरं आहे. पण आई रोज ताटाशी उभी राहते, "भाकरीबिगर ताकद कुठनं येणार?" कर्बोदकं खरंच अत्यावश्यक आहेत का?

कडूकारलं: आईंना सांगू नका, पण काटेकोर उत्तर 'नाही'. नऊ अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि दोन मेदाम्लं (चरबीचे घटक) बाहेरूनच घ्यावी लागतात. तसं एकही कर्बोदक नाही. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. कर्बोदकं बंद केली की यकृत ते प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून बनवतं, आणि मेंदू बराचसा कीटोनवर, म्हणजे यकृताने चरबीपासून बनवलेल्या इंधनावर, चालू लागतो. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली स्टेफान्सन या शोधप्रवाशाने वर्षभर मांसच खाल्लं. तब्येत चांगली राहिली. फक्त सुरुवातीला चरबी काढलेलं मांस दिलं तेव्हा आजारी पडला.

चुलीपाशी: अत्यावश्यक नाही म्हणजे वाईट, असं नव्हे हं. ज्वारी-डाळींतून तंतू मिळतात, ते मांस-अंड्यांत नसतात. आमच्या ह्यांनी रक्तातली साखर कमी करायच्या गोळ्या चालू ठेवून भाकरी सोडली आणि घाम फुटून खाली बसले. गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

कडूकारलं: अगदी. आणि गोळे येतात ते पाणी-मीठ निघून जातं म्हणून.

जोंधळा: गोळ्या नाहीत. ताकात मीठ घालून पितोय. रविवारी हुरड्याचं आमंत्रण आहे, त्याचं काय?

चुलीपाशी: खा की!