सोयाबीनची खतं-औषधं गटानं घ्यायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

औशाचा कास्तकार
रामराम मंडळी. औसा तालुका, जिल्हा लातूर. आम्ही बारा-पंधरा जण, बहुतेकांकडं चार-पाच एकर, सोयाबीन आणि तूर. मृगाच्या तोंडावर जो तो आपापल्या दुकानात जातो, उधारीवर आणतो, सोयाबीन विकलं की फेडतो. यंदा डीएपी खतासोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली गळ्यात मारली. नको म्हटलं, तर डीएपी संपलं म्हणे. एकत्र घेतलं तर खरंच फरक पडतो का? कंपनी काढावी लागते का?

बालाघाटची लेक
भाऊ, कंपनी एवढ्यात नको. दहा शेतकऱ्यांत उत्पादक कंपनी निघते, पण तिचं लेखापरीक्षण आणि दरवर्षीची कागदपत्रं हा मोठा व्याप आहे. कृषी विभागाच्या ‘आत्मा’ यंत्रणेकडं गट नोंदवा, बँकेत गटाचं खातं काढा. पुढं बाहेरच्यांना विकायचं ठरलं, तर खत, बियाणं, औषध तिन्हींचे परवाने लागतील.

युरियाच्या भावात काही वाचत नाही. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, एक घ्या नाहीतर शंभर. अनुदानाचं खत ज्याच्या त्याच्या अंगठ्यावर मिळतं, म्हणून दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनपाशी सगळ्यांना जावंच लागतं. वाचतं ते गाडीभाड्यात, लिंकिंगमध्ये (खतासोबत नको ती बाटली गळ्यात मारतात ते) आणि सगळ्यात जास्त उधारीत. उधारीचा भाव वेगळा, रोखीचा वेगळा, आणि तो फरक पावतीवर कुठंच दिसत नाही. आमचा गट दर महिन्याला बचत टाकतो ती यासाठीच. मे महिन्यात रोख पैसे आणि सगळ्यांची मिळून एक यादी नेली, तर दुकानदार लिंकिंगचं नाव काढत नाही.

औषधाचा दर मागताना ब्रँड सांगू नका, घटक सांगा. तणनाशक हवं असेल, तर ‘इमॅझेथापायर १० टक्के एसएल, इतके लिटर’ असा कागद तीन-चार दुकानांत द्या. घटक तोच, टक्केवारी तीच, पण भावात केवढी तफावत असते ते तिथंच कळतं.

आणि हात जोडून सांगते, मोठा कॅन आणून घरच्या रिकाम्या बाटल्यांत वाटून घेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. कुणाला बाधा झाली आणि बाटलीवर लेबल नसलं, तर डॉक्टरनं कशावर इलाज करायचा? प्रत्येकाला सीलबंद बाटली द्या. मोठाच कॅन घेतला, तर तो एका जागी कुलपात ठेवा आणि ओळीनं सगळ्यांची फवारणी करून घ्या.

तेरणाकाठ
ताई, आमचा गट पैशावरच मोडला. निम्मे म्हणायचे, तुम्ही आणा, मी नंतर देतो.

बालाघाटची लेक
पैसे आले त्याचंच नाव यादीत, हे पहिल्या बैठकीत ठरवायचं. नड असेल त्याला बचतीतून कर्ज द्या, वहीत मांडा, पण खत उधार नको. पक्की पावती त्याच दिवशी ग्रुपवर टाकायची.

काळी माती
सगळेच डीएपीच्या मागं का लागता? ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. तेवढंच सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि वीस किलो युरियात मिळतं. वर सुपरमधलं गंधक येतं, ते सोयाबीनला लागतंच. अडचण वजनाची आहे. एकाला तीनपट गोण्या वाहणं परवडत नाही, गटाची गाडी भरून आली तर परवडतं. बियाणंही दरवर्षी विकत कशाला? सोयाबीनचं वाण सरळ आहे, संकरित नाही, घरचं राखा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले, तर एकरी तीस किलो पेरा. विकतचं आणलंच, तर पिशवी, टॅग आणि मूठभर दाणे राशी होईपर्यंत ठेवा. उगवलं नाही, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढं तेच दाखवावं लागतं.

औशाचा कास्तकार
सुपरची गाडी पुढच्या मे महिन्यातच बोलावतो. ताई, महिन्याची बचत किती ठेवावी?

बालाघाटची लेक
गटात सगळ्यात कमी रान ज्याचं आहे, त्याला विचारून ठरवा. आमच्यात दोनशे आहेत. एका बाईचं घर शेळ्यांवर चालतं, तिला तेवढेच झेपतात.