प्रोलॉगमध्ये मेनूतील पर्याय प्रसंगानुसार बंद कसा ठेवावा?

प्रश्न (सांगली):
नमस्कार. मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानासाठी मी एसडब्ल्यूआय-प्रोलॉग (प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेची एक आवृत्ती) आणि एक्सपीसीई (तिच्यात खिडक्या व मेनू बनवण्याचे साधन) वापरून प्रणाली लिहीत आहे. मेनूबार व्यवस्थित दिसतो. परंतु सौदा पूर्ण होण्याआधीच ‘पट्टी छापा’ हा पर्याय निवडता येतो आणि शेतकऱ्याच्या हिशेबाच्या दृष्टीने हे मला अजिबात मान्य नाही. तो तोपर्यंत बंद कसा ठेवावा?

उत्तर १:
मेनू-आयटम तयार करताना संदेशाबरोबर (म्हणजे पर्याय निवडल्यावर काय करायचे त्याबरोबर) ‘कंडिशन’ हे आर्ग्युमेंटही देता येते. पॉपअप उघडताना ती अट तपासली जाते आणि ती असफल ठरल्यास पर्याय फिकट होतो. मात्र केवळ मेनूवर विसंबू नका. पट्टी छापणाऱ्या प्रेडिकेटमध्येही (प्रोलॉगमधील नाव दिलेल्या नियमांच्या गटातही) तीच अट असलीच पाहिजे.

उत्तर २ (सातारा):
सहमत. शिवाय पर्याय एकेक करून जोडण्याऐवजी

पर्याय(विक्री, पट्टी_छापा, सौदा_पूर्ण).

अशी तथ्ये लिहून ‘फोरऑल’ने (प्रत्येक तथ्यासाठी तीच कृती करणाऱ्या प्रेडिकेटने) त्यांवरून मेनू उभारावा, म्हणजे नवा पर्याय केवळ एका ओळीत येतो आणि मेनूतील क्रमही तथ्यांच्या क्रमानेच राहतो. देवनागरी नावे चालतात. फक्त चलाचे (व्हेरिएबलचे) नाव अधोरेषेने सुरू करावे, अन्यथा प्रोलॉग त्याला ॲटम (स्थिर नाव) समजते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. ‘सौदा_पूर्ण’ हे एकच प्रेडिकेट मेनू आणि छपाई या दोन्ही ठिकाणी वापरतो.