कुंड्या हलवायच्या असतील तर आधी वजन बघा

बाल्कनीतल्या भाज्यांबद्दल कुणीतरी विचारलंय की हवा सौम्य असेल तर कुंड्या हलवायची गरजच काय. गरज आहे, आणि ती थंडीपेक्षा उन्हाच्या जागेमुळे. ऋतूप्रमाणे बाल्कनीतला उन्हाचा पट्टा सरकत राहतो. टोमॅटो, मिरची, वांग्याला रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांवरही छान येतात. उलट ऊन तापलं की कोथिंबीर लगेच फुलावर येते. तेव्हा तिला दुपारच्या सावलीत नेलं तर पानं आणखी काही दिवस मिळतात.

वजनाचं मात्र मनावर घ्या. २० लिटरची कुंडी नुसत्या मातीने भरून पाणी घातलं की ३० किलोच्या पुढे जाते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं मिश्रण बरंच हलकं पडतं. पालेभाज्यांना १५ ते २० सेंमी खोली पुरते, त्यांना मोठ्या कुंड्या कशाला? टोमॅटोला ३० सेंमी द्याच, आणि ती कुंडी पहिल्या दिवसापासून चाकांच्या स्टँडवर ठेवा. हलवायची ती पाणी घालण्याआधी. आणि कृपा करून सावलीतलं रोप एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं करपतात. आठवडाभर थोडं थोडं ऊन वाढवत न्या.