पीटीएसडी: वाईट आठवण गोळीने पुसता येते का खरंच?

झोपमोड:
मोठ्या भावाचा दोन वर्षांपूर्वी अॅक्सिडेंट झाला, हाडं जुळली सगळी, पण अजून मागून हॉर्न वाजला की घामाघूम होतो, रात्री दचकून उठतो आणि मग सकाळपर्यंत टक्क जागा. डॉक्टर पीटीएसडी म्हणाले, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक त्रास. काल कुठेतरी वाचलं की आठवण पुसणारं औषध निघालंय, उंदरांवर जमलंय म्हणे. खरंय का नुसत्या बाता? घरचे म्हणतात मन घट्ट कर, की तो अजूनच गप्प.

न्यूरोवेडा:
उंदरांचं खरंय, पण २००० सालचं आहे ते. नाडर, लडू वगैरे मेंदूशास्त्रज्ञ मंडळींनी उंदरांना आवाज आणि शॉक एकत्र दिला, म्हणजे नुसत्या आवाजानेही ते थिजायला लागले. मग दुसऱ्या दिवशी तोच आवाज ऐकवला आणि लगेच अमिग्डलात (मेंदूतलं भीतीचं ठाणं समजा) प्रोटीन बनू न देणारं औषध सोडलं, तर पुढच्या वेळी भीती बरीच कमी. म्हणजे आठवण वर काढली की ती थोडा वेळ कच्ची होते आणि परत पक्की व्हायला प्रोटीन लागतं. ते औषध माणसाला चालत नाही, विषारी आहे, म्हणून प्रोप्रानोलोल ही बीपीची जुनी गोळी वापरून बघितली, पण रिझल्ट कधी चांगले कधी काहीच नाही. आणि जमलं तरी अॅक्सिडेंट आठवणारच, फक्त त्यातला दंश कमी व्हावा एवढीच अपेक्षा.

परत_गाडीवर:
मी यातून गेलेय. मला एक्स्पोजर थेरपीचा (ज्याची भीती वाटते त्याला सुरक्षितपणे, हळूहळू सामोरं जायचं) उपयोग झाला, त्यात पुसत काहीच नाही, जुन्या भीतीशेजारी 'आता धोका नाही' ही नवी आठवण बसते आणि कपाळामागचा मेंदू ती वापरून ब्रेक लावतो. गंमत म्हणजे हे शिकलेलं जागेला चिकटून राहतं, खोलीत बरं वाटलं तरी रस्त्यावर भीती हजर, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी सराव करून घेतला. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मधेच सोडून दिली नसती 😐

न्यूरोवेडा:
आणि ते मन घट्ट कर प्रकरण. व्हिएतनाम युद्धात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांचा २००८ सालचा अभ्यास आहे, ज्यांच्या अमिग्डलालाच इजा झाली होती त्यांच्यात एकालाही पीटीएसडी नव्हता. म्हणजे प्रश्न मन कच्चं असण्याचा नाही, मेंदूतल्या यंत्रणेचा आहे. घरच्यांना हे ऐकवा.

टवाळ:
मग अमिग्डलाच काढून टाकू की 😄

न्यूरोवेडा:
काढा, आणि मग रस्ता क्रॉस करून दाखवा.

झोपमोड:
भावाला वाचून दाखवलं. उंदरांवर हसला जरा, मग स्वतःहून विचारलं की ती थेरपी किती दिवस चालते?

परत_गाडीवर:
माझी आठवड्यातून एकदा, दीड-दीड तास, साधारण तीन महिने. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मला झोप अजून बिघडल्यासारखी वाटली, तसं झालं तर थेरपिस्टला लगेच सांगायला सांगा.